एमआरआयच्या दारात इष्टलिंग

गुरुबाईंनी गळ्यातली चांदीची डबी मुठीत धरली ती सोडेचनात. सून कडेला उभी. आत टेक्निशियन साहेब खोळंबलेले.

मी कलबुर्गीत एमआरआयच्या खोलीत अटेंडंट. शाळा सातवीपर्यंत. रोग्याच्या अंगावरचं लोखंड, सोनं, चांदी उतरवून मगच आत न्यायचं, हे माझं काम. मशीन म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक हाय; लोखंड ओढतं, बाकी धातूनं अंग भाजू शकतं, फोटो बिघडतो.

बाई कमठाण्याकडच्या. दोन्ही पाय बधिर पडायलेले. पाठीच्या कण्यात जी मुख्य दोरी असते, तिला रक्तवाहिन्यांचा गोळा दाबायलाय, असा डॉक्टरांना संशय. असा गोळा क्वचित होतो. चुकून कापला तर रक्त थांबत न्हाई. म्हणून फोटो बघितल्याशिवाय सर्जन हात लावत न्हाईत. आणि उशीर झाला की पाय कायमचे जातात.

"अक्का, काढून द्या. मी सांभाळतो," मी म्हणालो. इथंच चुकलं.

"कामून काढू? मी मेले का?" बाई म्हणाल्या. "पाय गेले तर जाऊ द्या. चल गं, घरला जाऊ."

डबीत इष्टलिंग होतं. आम्हा लिंगायतांत ते जिवंतपणी अंगावेगळं करत न्हाईत. मीही त्यातलाच. पण नथ-जोडव्यांना म्हणतो तेच सवयीनं म्हणून गेलो.

"अप्पा, काय करायलात? पुढचा पेशंट घ्या," साहेब आतून म्हणाले.

"पाच मिन्टं. तवर चहा प्या."

मी बाईंना विचारलं, "डबी चांदीची. आतलं दगडाचंच ना?"

"व्हय."

"मग डबी सुनेकडं द्या. लिंग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

बाईंनी स्वतःच्या हातानं लिंग पांढऱ्या फडक्यात घेतलं. मी शिवलो न्हाई. हातातलं तपासायचं चुंबक जवळ नेलं, त्यानं लिंग ओढलं न्हाई. साहेबांनी फोटो वाचणाऱ्या मॅडमना विचारलं. पाठीपासून लांब असेल तर चालेल, म्हणाल्या.

सून ते डाव्या तळहातावर बांधायला लागली.

"तिथं नको. मनगटावर बांध," मी म्हणालो. यंदा श्रावणात बायकोला माती देताना, आमच्या रीतीप्रमाणे, तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर मीच ठेवलं होतं. मला बघवत न्हाई.

माझी बायको गेल्याचं बाईंना न सांगता कळलं. "मग भाकरी कोण करतंय?"

"मीच. करपतात."

"तवा लई तापवत असाल," म्हणत बाई आडव्या झाल्या.

फोटोत गोळा दिसला. सर्जननी आधी त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बंद केल्या, वाफ्याचं पाणी तोडावं तशा. मग गोळा काढला. तुरीच्या राशी झाल्यावर बाई दुसऱ्या फोटोला आल्या. काठी होती, पण आल्या आपल्या पायानं.

आता गळ्यात डबी दिसली की आत काय हाय ते मी आधी विचारतो. नुसती चांदी उतरवायला आजवर कुणी न्हाई म्हणालं न्हाई.