मावशीची खोरपोसाची बांधी

मावशी गेल्याचा फोन सुमित्रानं केला. "भाऊ, मावशी गेली जी," एवढंच म्हणाली. सुमित्रा म्हणजे मावशीच्या शेजारची, नवऱ्यानं टाकलेली, बिनजमिनीची बाई. मावशीला मूलबाळ नव्हतं; शेवटची दहा वर्षं तिचं न्हाणंधुणं, दवाखाना, सगळं सुमित्रानंच केलं. आम्ही रक्ताचे म्हणवणारे सणासुदीला तोंड दाखवून यायचो. दीड महिना झाला, घास गिळवत नाही. का, ते सांगायला लिहून राहिलो.

मावशी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. सासऱ्यानं कामठ्याकडच्या धानाच्या शेतातली एक बांधी तिला लिहून दिली. कागदात शब्द होता 'खोरपोस'. आमच्या जमीनदारी मुलखातला जुना शब्द. मी आमगावला तहसीलसमोर तीस वर्षं दस्त लिहिले. असल्या शब्दांची मला भारी मिजास. "मूळ फारसी आहे, मावशी," मी छाती फुगवून सांगितलं होतं. "खोर म्हणजे खाणं, पोश म्हणजे नेसणं. घरच्या विधवेला जगण्यापुरतं दिलेलं. जिवंत आहेस तोवर खा, नेस. विकता येत नाही, कुणाला देता येत नाही." तिनं ते इतकं मनावर घेतलं, की शेताच्या कडेला धुऱ्यावरची बाभूळ वाळली तरी तोडू दिली नाही. "माह्यी नोहे ते," म्हणायची.

तिची एकच इच्छा होती, बांधी सुमित्राला मिळावी. तीनदा विचारलं तिनं मला. शेवटच्या भेटीत खाटेवरून उठवत नव्हतं, तरी उशाखालून कागदाची पिशवी काढली. "एक डाव अजून पाह्यनं बापू. लोकाइले मृत्युपत्र लिहून देत होता ना तू? मंग सुमित्राच्या नावानं काऊन नाही होत?" मी वैतागलो. "कितीदा सांगू? खोरपोस आहे ते!" पिशवी उघडलीसुद्धा नाही. "बरं, राहू दे मंग," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं...

तेरवी झाली आणि दिराच्या पोरांनी बांधी ताब्यात घेतली. तेव्हा कुठे मी तो कागद एका तरुण वकीलबाईंना दाखवला. वाचून त्या म्हणाल्या, "काका, छप्पन सालच्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला पोटापाण्यासाठी दिलेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची होते. त्या मृत्युपत्र करू शकत होत्या. केलं नाही, म्हणून नवऱ्याकडच्यांना गेली." शब्दाचं मूळ मला पाठ होतं. कायदा बदलून जवळपास माझ्या वयाइतकी वर्षं झाली, हे मात्र ठाऊक नव्हतं. कुणाला विचारायचीही लाज वाटायची मला, मोठा दस्तलेखक ना! थू असल्या शहाणपणावर. आता काही म्हणजे काही होत नाही.

परवा सुमित्राला सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो. रोवणी चालू होती. मावशीच्याच बांधीत, रोजीनं लावलेल्या बायांमध्ये ती चिखलात वाकलेली होती. मला पाहून धुऱ्यावर आली, पदरानं हात पुसले. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली, "मावशी सांगून गेली भाऊ, तुमी गंज खटपट केली म्हने माह्यासाठी. पन कायद्यातच नव्हतं, तं तुमी तरी काय कराल जी?"

मी 'हो' म्हणून मान हलवली... आणि घरी आलो.