टेकडीवर पहिला

वस्ताद कुणाचंही कौतुक त्याच्या तोंडावर करत नसत. एखादा मुलगा टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचला, की ते त्याच्याकडे पाठ फिरवत आणि मागून धापा टाकत येणाऱ्यांना म्हणत, "बघा जरा याच्याकडे." ज्याच्याकडे बघायचं, तो त्यांच्या पाठीकडे बघत उभा राही. तुमच्या बाबाने ती पाठ तीन उन्हाळे पाहिली.

रोहन, इरा, गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही मला, तुमच्या आजीला, विचारलंत, की दोर बांधलेलं ते जुनं टायर बाबा गराजमधून का टाकून देत नाही. त्याचं उत्तर थोडं लांब आहे. तुमची आई वाचून दाखवेल.

वस्ताद हे नाव तुमच्या आजोबांनी ठेवलेलं. त्यांच्या सांगलीत तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणत. आमचे वस्ताद मात्र मिनेसोटाचे, उंच, लालबुंद मानेचे, तिथल्याच ईडन प्रेरी गावात आमच्या मागच्या गल्लीत राहणारे. हायस्कूलच्या आइस हॉकी संघाचे ते सहायक कोच. हिवाळ्यात ते बाकामागे गप्प उभे असत. त्यांचं राज्य उन्हाळ्यात. बर्फावर न उतरता खेळाडूंचे पाय, पाठ आणि दम तयार करायचा, याला इथे ड्रायलँड म्हणतात. शाळेमागची टेकडी धावत चढायची, कमरेला दोर बांधून टायर ओढायचं, लाकडी खोक्यांवर उड्या मारायच्या. शिवाय त्यांच्या गराजमध्ये एक लांब गुळगुळीत फळी होती. लोकरी मोजे घालून तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरायचं, स्केटिंग करतात तसं. मोज्यांचे तळवे आठवड्यात विरत. मी आमच्या जुन्या स्वेटरचे तुकडे खालून शिवून देई.

आम्ही पूर्वेकडच्या पार्सिपनी गावाहून इथे आलो तेव्हा तुमचा बाबा अकरा वर्षांचा होता आणि त्याने एकदाही स्केट पायात घातलेला नव्हता. इथली मुलं नीट बोलायच्या आधी बर्फावर उभी राहतात. हायस्कूलमध्ये गेल्यावर त्याने हट्ट धरला, खेळीन तर हॉकीच. पहिल्या वर्षी संघात कुणी विचारलं नाही. वस्तादांनी मात्र त्याला टेकडी चढताना पाहिलं आणि मला म्हणाले, "पाय चांगले आहेत. जूनपासून पाठवा." अजयचं त्यांनी एजे केलं आणि तेच कायम राहिलं.

आणखी एक वाक्य ते नेहमी म्हणत, "मी बर्फ शिकवत नाही, पाय शिकवतो." आम्हाला तो विनय वाटायचा.

माणूस वाईट नव्हता, हेही लिहायला हवं. एकदा उन्हात बाबाला टेकडीवर उलटी झाली. वस्तादांनी त्याचं कपाळ धरलं, मीठ लावून संत्र्याच्या फोडी खायला घातल्या आणि आपल्या ट्रकमधून घरी आणून सोडलं. बुटांना चिखल होता म्हणून दाराबाहेरच उभे राहिले, पाणीसुद्धा तिथेच प्यायले. एका मुलाने बाबाच्या डब्यातल्या पोळीभाजीच्या वासावरून वाईट थट्टा केली, तेव्हा वस्तादांनी भाषण दिलं नाही. त्या मुलाला टायर बांधलं आणि तो आपण होऊन माफी मागेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मी गाडीतून पाहत होते. त्या दिवशी या माणसासाठी मी काहीही केलं असतं.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून बाबा टेकडीवर पहिला, टायरला पहिला, फळीवर पहिला. आजोबा इंजिनीअर, आयुष्यभर मेरिट लिस्टवर विश्वास ठेवलेले. "जो सगळ्या विषयांत पहिला, त्याला नापास कोण करणार?" असं ते, घरोघरचे पदार्थ घेऊन आम्ही जमायचो त्या पॉटलकमध्ये, सगळ्या काकालोकांना सांगत. मलाही त्यात काही चूक दिसत नव्हती. आपल्या घरात मेहनतीला बक्षीस असतं, असंच आम्ही शिकत आलो होतो. हिवाळ्यातल्या निवडीत दोनदा नाव आलं नाही, तेव्हा अजून लहान आहे म्हणून आम्ही गप्प बसलो. शेवटच्या वर्षी मात्र येणारच, यात घरात कुणालाही शंका नव्हती.

शेवटच्या वर्षीही नाही आलं. मी त्याला न्यायला गेले तर तो आधीच गाडीजवळ उभा. मागच्या सीटवर जाऊन बसला, लहान असताना बसायचा तसा. तेवढ्यात वस्ताद पार्किंग लॉट ओलांडून माझ्या खिडकीशी आले. थंडी कडक होती, अंगात जॅकेट नव्हतं.

"एजेसारखे पाय माझ्याकडे कुणाचेच नाहीत," ते म्हणाले. "पण तो स्केटर नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दिसलं होतं मला."

"मग तीन उन्हाळे त्याला कशासाठी राबवलंत?"

ते खोटं बोलले नाहीत. "तो पुढे असला की बाकीचे पळतात," म्हणाले.

हे सगळं ते माझ्याशी बोलले. काच खाली होती आणि मागे बसलेला मुलगा ऐकत होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग म्हणाले, "जूनमध्ये नवी मुलं येतील. त्याला पाठवाल ना?"

मी काच वर केली.

घरी आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आपण परीक्षाच दुसरी देत होतो," एवढंच म्हणाले.

जून आला. शाळा संपली होती, कॉलेजची ॲडमिशन हातात होती. एका सकाळी बाबा पायऱ्यांवर बसून बुटांच्या नाड्या बांधताना दिसला. कुठे निघालास, मी विचारलं.

"टेकडीवर. कोच आस्क्ड मी, आई."

"त्यांनी तुला संघात घेतलं नाही, अजय."

"आय नो," म्हणाला आणि गेला. तो उन्हाळाभर नव्या मुलांच्या पुढे धावला. मी त्या वर्षी मोजे शिवले नाहीत.

वस्ताद पुढे निवृत्त होऊन उत्तरेला तळ्याकाठी राहायला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी गराज रिकामं केलं आणि ते टायर आमच्या दाराशी ठेवून गेले. घंटाही वाजवली नाही. पुढे बाबा ते आपल्या घरी घेऊन गेला. ते वारले तेव्हा बाबा विमानाने गेला. परत येताना माझ्याकडे थांबला. तिथे संघातली जुनी मुलं भेटली होती. कोच अखेरपर्यंत आम्हाला तुझं नाव सांगायचे, असं एकेकाने त्याला येऊन सांगितलं. बाबा हे मला सांगताना हसत होता. मी भांडी घासत राहिले. मला त्या माणसाला आणखी एकदा पार्किंग लॉटमध्ये गाठायचं होतं.

आता तुम्हाला एक सांगते. परवा बाबा माझ्याशी फोनवर बोलत होता. रोहन, तू शेजारीच होतास. तुला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आई, इरा पोहण्यात किती मेहनत करते, इतरांनी बघावं." इरा कुठे आहे, मी विचारलं. तर ती तिथेच, त्याच्या मागे उभी.

मी म्हटलं, "अजय, मागे वळ. आणि हे तिला सांग."

त्याचा आवाज फोनपासून लांब गेला, शब्द कळले नाहीत. मग इरा, तुझं हसू ऐकू आलं.