रिकाम्या खाटेवर दिलेली सुई

भूतखेत, भानामती... यातलं मी कधी काही मानलं नाही, आजही मानत नाही. नर्स म्हणून उभा जन्म वार्डात गेला. माणसं जाताना पुष्कळ पाहिली, गेलेलं परत आलेलं एकही नाही. आणि सुमन तर तेव्हा जिवंत होती – म्हणूनच ही गोष्ट कुठं ठेवावी कळत नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अमरावतीला दवाखान्यात, बायकांच्या वार्डात होते. धाकटी बहीण सुमन भातकुलीजवळच्या खेड्यात, सासरी बाळंत झालेली. बाळंतिणीच्या रक्तात विष भिनलं की आमच्या हातात दोनच गोष्टी – सलाईन लावायचं आणि पेनिसिलिनच्या सुया देत राहायचं, ठरल्या वेळी, रात्रंदिवस. एका सुईनं काही होत नाही. खंड पडला की संपलं.

त्या दुपारी उकळलेल्या सिरिंजा भरून, ट्रे घेऊन मी फिरत होते. खिडकीजवळची खाट रिकामी होती. तिच्यावर सुमन बसलेली दिसली, कुडकुडत.

"बाई, मले लय थंडी वाजून राहिली." मला ती बाईच म्हणायची.

कपाळाला हात लावला तर चटका बसत होता, तिचे हात मात्र गारढोण. सवयीनं मी आधी दंडात सुई दिली, मग विचारलं, "तू कवा आली वं?" सिरिंज ट्रेमध्ये ठेवून वळले तर खाटेवर कुणी नाही. सोबतची नर्स म्हणाली, "रिकाम्या खाटेपाशी काय करून राहिली?" सिरिंज रिकामी होती. म्हणाल, गादीत टोचली असेल... मी चाचपून पाहिली, गादी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मोटारीनं सुमनच्या गावी गेले. सुमन तापानं फणफणली होती. सासू म्हणाली, "दूध उतरून राहिलं पोरी, त्याचा ताप हाये. आज पाचवी पुजतो, मंग ने." म्हातारी वाईट नव्हती, तिलाही कुणी हेच सांगितलं असणार. मी ऐकलं नाही. सुमनच्या नवऱ्यानं बैल जुंपले, पाचवीचा पाट तसाच ठेवून आम्ही निघालो.

वार्डात नेमकी तीच खाट मिळाली. मी सुईसाठी बाही वर केली तशी सुमन म्हणाली, "तिथं दुखते बाई. कालच तं देली ना तू."

दंडावर टोचल्याची खूण होती, भोवती निळसर. त्या गावात सुई देणारं कुणी नव्हतं. तिच्या नवऱ्याला विचारलं. सुमन खोलीबाहेरसुद्धा पडली नव्हती.

पुढं एकही सुई चुकवली नाही. डॉक्टर जेवायला गेले नाहीत. पण फार उशीर झाला होता. "पोरीले पाह्यजो बाई," एवढं बोलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

पोर मी वाढवली. डॉक्टर म्हणाले, थकव्यानं भास होतो. होत असेल. दंडावरच्या खुणेबद्दल विचारलं तेव्हा ते पुढच्या खाटेकडे वळले. त्या खुणेचा उलगडा आता मला नकोच आहे. आतडं तुटतं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या पहिल्या दिवशी, पुढच्या सुईची वेळ झाली तेव्हा, मी कुणाला न सांगता सिरिंज भरून पुन्हा त्या खाटेपाशी गेले होते. त्याच्या पुढच्या वेळेलाही गेले.

खाट रिकामीच होती.