चेहऱ्यासकट

कपडे काढले की काका आधी त्यांच्या घड्या घालायचे. शर्ट, पँट, बनियन, त्यावर हातातलं घड्याळ आणि सगळ्यात शेवटी चष्मा. मग पडद्याआडून येऊन दिव्यांसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "बोला, किती येळ?" जणू उशीर आमच्यामुळेच होत होता.

काका आमच्या कॉलेजात मॉडेल होते. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पोती वाहिली. थकल्यावर ते चित्रकलेच्या वर्गात लंगोट लावून बसू लागले. शेवटच्या वर्षी फोटोग्राफीच्या मॅडमनी आम्हाला पुरुषाच्या नग्न देहाचा विषय दिला. लंगोटही नसेल, चालेल का, असं त्यांनी काकांना जरा चाचरतच विचारलं. काका म्हणाले, "लंगोट तुमच्यापायीच हुता की."

तुम्ही कधी अशा खोलीत उभे राहिला असाल तर तुम्हालाही कळलं असेल, की लाजतो तो कॅमेऱ्यामागचा. माझे बाबा रबाळ्यात एका कंपनीत मशिनवर आहेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. घरी मी 'पोर्ट्रेटचा प्रोजेक्ट आहे' एवढंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी नुसता प्रकाश मोजत बसलो. काका म्हणाले, "त्या डबड्यात काय बघतुयास? मी हितं हाय." सगळे हसले. सगळ्यात जास्त काकाच.

उभं राहायची त्यांची एक रीत होती. श्वास पूर्ण सोडायचा आणि थांबायचं. "पोतं पाठीवर आलं की डगमगायचं न्हाई. मागचा मरतुय." त्यांच्या मानेखाली ओझ्याने घट्टा पडला होता. बाजूने प्रकाश टाकला की त्याची सावली पाठीवर उतरायची. पुस्तकांतल्या फोटोंत मी गुळगुळीत, तरुण शरीरं पाहिली होती. हे शरीर मात्र माझ्या ओळखीचं होतं. आमच्या वस्तीत नळावर अशाच पाठी दिसतात.

माझा सगळ्यात चांगला फोटो मानेपासून गुडघ्यापर्यंतचा होता. डोकं मी मुद्दाम कापलं होतं. काकांचं गाव साताऱ्याकडे, दोन जावई. कुणी ओळखू नये, म्हणून. मला वाटत होतं, मी फार सभ्यपणाने वागतोय.

संमतीच्या कागदावर सही करायला काका आले. त्यांनी प्रिंट हातभर लांब धरली, मग जवळ आणली.

"माझं डोकं कुठाय?"

"काका, कुणी ओळखलं तर... जावई वगैरे..."

"मग? चोरी केलीया का मी?"

मी काहीतरी सांगायला लागलो, की कलेत असं करतात, पुष्कळांनी केलंय. त्यांनी ऐकून घेतलं. मग पेन टेबलावर ठेवलं.

"पोरा, ज्याला तोंड न्हाई ते पोतं. पोती म्या लय वाहिली. ह्याच्यावर सही करनार न्हाई."

आमच्या वर्गाचं प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. सहीशिवाय फोटो लागणार नव्हता, आणि माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पण खरं सांगतो, मला राग आला नाही. लाज वाटली. मी विचारलं, "उद्या याल?"

"आत्ताच काढ की," म्हणत ते पडद्याआड गेले.

या वेळी मला त्यांच्याकडे बघावंच लागलं. ते समोर तोंड करून उभे होते. हात सरळ, डावा खांदा किंचित खाली, छातीवर पांढरे केस. सावलीने काहीही झाकलं नव्हतं. आणि वर तो चेहरा, आधार कार्डावर असतो तसा जरा कडक. स्क्रीनवर फोटो बघून काका म्हणाले, "हां. आता ह्यो मी." आणि सही केली.

वाशीला प्रदर्शन लागलं. काका इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले, बरोबर काकू. मला खांबामागे लपावंसं वाटत होतं. डोक्यावरचा पदर सावरत काकू फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अवो, डावा खांदा बगा किती खाली आलाय. कवाधरनं म्हनतीया, डाक्टरला दावा."

एका गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "मॉडेल कुठून आणलंत?" मी तोंड उघडायच्या आत काका वळले. "मीच त्यो," म्हणाले आणि तालुक्यासकट पूर्ण नाव सांगितलं. गृहस्थांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा काकांच्या इस्त्रीकडे. मग हात पुढे केला. तो फोटो मी काढला होता, हे कुणाला तरी ओरडून सांगावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

गेल्या महिन्यात काका गावी वारले. काकूंचा फोन आला. आधार कार्डावरचा इवलासा सोडला, तर काका सरळ समोर बघताहेत असा फोटोच घरात नव्हता. "भित्तीला लावाया वरचाच दे, खांद्यापातूर. अन् आख्खा बी दे. त्यो माझ्या पेटीत ऱ्हाईल."

दोन्ही प्रिंट घेऊन मी रबाळ्यात कुरियरच्या दुकानात गेलो. रांगेत आमच्या वस्तीतली माणसं होती. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "आत काय आहे?"

"फोटो."

"कसले?"

"आमच्या काकांचे," मी म्हटलं. "एकात अंगावर कपडे नाहीत. मी काढलेत."

रांगेतले दोघं-तिघं वळले. त्यांत बाबांच्या कंपनीतले एक जण होते. मी त्यांना नमस्कार केला.