तय्यबमामूंचा वारा

माझे तय्यबमामू दाभोळचे. पंधराव्या वर्षी शिडाच्या गलबतावर खलाशी झाले. १९६३ साली मालकाने गलबत विकून मशीनची लाँच घेतली, तेव्हा ते दुबईला गेले आणि खाडीकाठच्या बर दुबई भागात धक्क्यावर तांदळाची पोती वाहू लागले. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नव्हती. दुपारी काम थांबलं की चहावाल्याच्या शेगडीतला कोळसा घ्यायचे आणि गोदामाच्या भिंतीवर गलबतं काढायचे. अब्रात, म्हणजे तिथल्या छोट्या होडीत, बसून खाडी ओलांडणारे लोक ती बघायला माना वळवायचे.

कापडवाले युसुफशेठ रत्नागिरीचे. त्यांना नव्या दुकानासाठी वडिलांच्या जुन्या गलबताचं मोठं चित्र हवं होतं. त्यांनी मामूंना कॅनव्हास आणि तैलरंग आणून दिले. चित्र पसंत पडलं तर पुढे लाँचमालकांची कामंही मिळवून देणार होते. नाहीतर मामूंना पोती होतीच.

दोन महिन्यांनी शेठ बघायला आले.

"अरे, झेंडा उलटा काढलास! गलबत पुढे चाललंय, मग झेंडा मागे नको फडकायला?"

"मशीनच्या लाँचवर मागे फडकतो, शेठ. इथे वारा पाठीमागून आहे. तोच शीड फुगवतो, तोच झेंडा पुढे नेतो."

"लोक हसतील मला. जुम्म्याला उद्घाटन आहे. फिरव तो, नाहीतर चित्र परत घेऊन जा."

"झेंडा फिरवला तर वाराही फिरवावा लागेल."

खतीजामामी कपाळावर हात मारून म्हणाली, "एका फडक्यापायी आयुष्यभर पोती वाहणार का?" मामूंनी झेंड्याला ब्रश लावला नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर शेठनी चित्र दुकानाबाहेर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. त्यांच्या वडिलांचं गलबत हाकणारे म्हातारे नाखवा खैरुद्दीन उद्घाटनाला आले. त्यांनीच ते वळवलं. शिडावरून झेंड्यापर्यंत बोट फिरवलं. मग एकदम ओरडले, "सुकाणूवर कोण आहे रे? पाठीवरचा वारा जोराचा आहे, शीड सांभाळ!"

गल्लीत हशा पिकला. शेठनी हळूच विचारलं, "आणि झेंडा?"

"झेंडा बरोबर आहे, बाबा. तूच उलटा उभा आहेस."

शेठनी स्वतः चित्र उचलून आत नेलं आणि गल्ल्याच्या वर टांगलं. मामूंनी त्यानंतर एकही पोतं उचललं नाही. १९६८ साली एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांची तीस चित्रं लागली. नाखवा लोक त्यांत आपापली गलबतं ओळखून भांडत होते.

माझी मुलगी सुरैय्या आता कॉमर्स सोडून पेंटिंग शिकणार म्हणते. मला झोप येत नाही. परवा मामूंना म्हटलं, "तुम्हीच समजवा तिला." मामूंनी तिचं लाँचचं चित्र डोळ्यांजवळ धरलं. "धूर मागे चाललाय, पण पाण्यावर लाट नाही," ते म्हणाले. "पोरी, वारा कुठला आहे?"

"नो विंड, मामू. लाँच इज मूव्हिंग."

मामू माझ्याकडे वळले. "हिला काय समजावू? हिला कळतं."