न बांधलेल्या जहाजाचा वकील

देवदत्तकाका बसण्याआधी टेबल स्वतः पुसतात. कॉफी बिनसाखरेची घेतात, तरी बराच वेळ ढवळतात. दुसऱ्या कुणी विसरलेला ट्रेसुद्धा नेऊन ठेवतात. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी फिरताना नांगरलेलं जहाज दिसलं की ते रिकामं की भरलेलं, हे न विचारता सांगतात. भाच्याचा फोन आला की उठून लांब जातात. चेष्टा केली तर स्वतःही हसतात. फक्त एका विषयावर हसत नाहीत.

ऋग्वेदा त्यांच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहते. पुण्यात साहित्य शिकली, आता या परक्या बंदरशहरात शाळेच्या पुस्तकांचं संपादन करते. काका मरीन इंजिनियर. उमेदीची वर्षं इंजिनरूममध्ये गेली, आता बंदरात जहाजांची तपासणी करतात. लग्न केलं नाही. जवळचं म्हणावं असं कोण, तर मिरजेला बहीण, कुमुद, आणि तिचा मुलगा सुयश. तो रशियात जहाजबांधणी शिकला.

न हसण्याचा विषयही रशियाचाच होता. तिथे एक प्रचंड विमानवाहू नौका बांधायचं घाटत होतं. नव्वदएक विमानं वागवणारी. प्रदर्शनात तिचं मॉडेल झळकलं. मग वर्षामागून वर्षं गेली, नौका काही आली नाही. लोक तिची टर उडवायला लागले. रविवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढच्या टेबलांवर, जमणारी मराठी दर्यावर्दी मंडळी तर फारच.

त्या रविवारी शहराच्या दुसऱ्या भागातून, पुंगोलहून, सुबोध आला होता. चीफ इंजिनियर, आणि जीभ सुरीसारखी. त्याने फोनवरची बातमी वाचून दाखवली.

"त्यांच्याकडे आहे ती एकुलती एक नौका, ती किती वर्षं दुरुस्तीतून उठेना. आता तिला भंगारात काढायची भाषा चाललीये. आणि हे नवी बांधणार! बोला काका."

"जुनी गेली तर नवी बांधावीच लागेल."

"बांधणार कुठे? एवढी गोदी आहे का?"

"गोदी वाढवता येते. प्रत्येक जहाज आधी कागदावरच असतं, सुबोध."

"कागदावर माझाही आलिशान कोंडो फ्लॅट आहे. सी-फेसिंग!"

सगळे हसले. सुबोधने पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. "जलावतरणाला फोडायला आणलाय. मागच्या वर्षी आणला होता, त्याचं खोबरं झालं."

"अंकल, तुमचं शिप नॉट कमिंग लाह!" त्याची मुलगी तन्वी इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली.

ऋग्वेदाला राहवेना. "ती युद्धनौका नाहीच मुळी," ती म्हणाली. "ते विरहगीत आहे. ती यायचीच आहे, आणि काका दारात उभे!"

सगळ्यात मोठा हशा तिला मिळाला. काकांनी नारळ उचलला, "थँक्यू" म्हणाले, आणि ट्रे ठेवायला गेले.

घराकडे चालताना ती अजून खुशीतच होती. "काका, खरं सांगा. बांधतील?"

"नाही."

ती थांबली.

"नाही बांधणार," काका म्हणाले. "मला हे केव्हाच कळलंय. सुबोध म्हणतो ते सगळं बरोबर आहे."

"मग दर रविवारी त्यांच्याशी भांडता कशाला?"

काका राहत्या इमारतीखालच्या बाकावर बसले. नारळ मांडीवर घेतला.

"सुयशला पुण्यात चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी म्हटलं, रशियाला जा. एवढं जहाज बांधायला घेतलं की गोदीला जन्मभराचं काम मिळतं, तू तिथे हजर पाहिजेस. कुमुद नको म्हणत होती. मी तिला गप्प केलं. तुला काय कळतं जहाजातलं, असं म्हणालो."

"आणि आता?"

"शिक्षण संपलं. तिथेच एका बारीकशा वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करतो आणि त्या जहाजाची वाट बघतो. कोचीनच्या गोदीतून नोकरी आलीये. चांगली आहे. उद्यापर्यंत हो-नाही कळवायचंय. मला विचारतोय, थांबू का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"अजून काही नाही." त्यांनी नारळाची शेंडी चिमटीत धरली. "इथे भांडतो ना, ती सवय असते. सवय सुटली तर 'जहाज येईल' असं त्याला सांगताना जीभ अडखळेल."

 विरहगीत हा शब्द ऋग्वेदाला तोंडातून परत ओढून घ्यावासा वाटला.

तेवढ्यात फोन वाजला. सुयशचा व्हिडिओ कॉल. या वेळी काका उठून लांब गेले नाहीत.

"मामा, झाली का मारामारी? काय म्हणत होते सगळे?"

"नेहमीचंच. सुयश, ऐक. ते जहाज..."

"माहितीये रे. इथेही हसतात. परवा एक जण म्हणाला, ते फक्त खेळण्याच्या दुकानात तरंगणार. मी म्हटलं, माझ्या मामाचा जन्म जहाजांवर गेलाय. तो उगाच बोलणार नाही." तो मनापासून हसला. "कोचीनवाल्यांना नाही कळवतो. बरोबर ना?"

काकांनी मांडीवरचा नारळ फिरवला.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"इथे सकाळ आहे, आत्ता कुठे नाश्ता झाला, मामा!"

"बरं. नाही म्हणू नकोस अजून. संध्याकाळी सांगतो."

फोन बंद झाला. वरच्या मजल्यावरून कुणाच्या तरी कपड्यांचं पाणी टपकत होतं. काका बाकावर जरा सरकले.

"तू साहित्याची," ते म्हणाले. "मला एक वाक्य करून दे. त्याने कोचीनला जावं. पण मामाने आपल्याला फसवलं, असं त्याला वाटू नये."

तिने मनात दोन-तीन वाक्यं जुळवली आणि मोडली. मघाशी हशा मिळवताना तिला क्षणभरही लागला नव्हता.

"असं वाक्य नाही होत, काका," ती शेवटी म्हणाली.

"वाटलंच मला."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. तिने नजर दुसरीकडे वळवली, मग न राहवून पाहिलं. 'सुयश, कोचीनला हो म्हण. ते जहाज होणार नाही. मला हे आधीपासून' एवढं लिहून बोट थांबलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी शेवटचे शब्द पुसले आणि 'मी' एवढंच लिहिलं.

समोरची लिफ्ट खाली आली. शेजारच्या बाईंनी दार धरून ठेवलं. काका घाईने उठले, फोन खिशात टाकला आणि आत गेले. संदेश पाठवायचा राहिला होता. 'मी'च्या पुढचंही राहिलं होतं.