हंगामी संघ

कुणी माझ्यासमोर स्टेडियम हा शब्द काढला की मला बसल्या जागी थकवा येतो. खेळाशी माझं वैर नाही. पण माझ्या संसाराची ऐन उमेदीची वर्षं एका स्टेडियमच्या भिंती उभ्या राहण्याची वाट बघण्यात गेली, आणि भिंती काही माझं ऐकून भराभर उभ्या राहत नव्हत्या. आमच्याकडे अशा अवस्थेला बेजार होणं म्हणतात. मी पुरती बेजार झाले.

माझं सासर परभणी जिल्ह्यातलं एक काळ्या रानाचं गाव. गावाला मिरवावं असं दुसरं काही नव्हतं, पण कबड्डीचा संघ होता. जिंतूर, गंगाखेड, पार परभणीपर्यंत जाऊन पोरं ढाली जिंकून आणायची आणि मारुतीच्या देवळात ठेवायची. माझा नवरा त्या संघात चढाईला जाणारा. हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. नवी नवरी होते, चुलीपुढे बसले होते, तर मैदानाकडून एकच गलका, 'मेला, मेला', आणि त्यात माझ्या नवऱ्याचं नाव. मी पिठाच्या हातांनी तशीच दारापर्यंत धावले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. तो रोजच मरतो आणि जेवायला उठतो, तू भाकरी बघ, म्हणाल्या. खेळात बाद झालेल्याला मेला म्हणतात हे मला तेव्हा कळलं. आळीतल्या बायकांना ही गोष्ट वर्षभर पुरली.

मग तालुक्याच्या गावी स्टेडियम बांधायचं निघालं. परभणीला आहे, मग आपल्यालाच का नको, अशी त्याची सुरुवात. सरकारी अनुदान मिळणार होतं, पण त्याआधी लोकवर्गणी जमा झालेली दाखवावी लागते असं सांगण्यात आलं. त्यासाठी समिती झाली आणि समितीचे चेअरमन साहेब जीपमधून गावोगाव फिरले. मास्तरांच्या पगारातून कपात झाली. कापूस खरेदी केंद्रावर गाडी रिकामी केली की पावतीतच स्टेडियमची वर्गणी वजा होऊन यायची. कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी नाही म्हटलं नाही. आमच्या गावानं तर त्यावर आणखी घरटी वर्गणी गोळा करून दिली, खेळाचं गाव म्हणून. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते पावतीवर बारीक अक्षरात असतं.

पाया खणून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की मांडव घातलाय पण नवरदेव कुठाय? तालुक्याकडे संघच नव्हता. चेअरमन साहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले, दोनदा चहा घेतला आणि गावाचा संघ मागितला. सातही पोरांना आपल्या कापसाच्या जिनिंगवर शिपाई म्हणून घेऊ, पोरांनी तालुक्याच्या नावानं खेळायचं, आणि स्टेडियम पूर्ण झालं की सगळ्यांना कायम करू, असा त्यांचा शब्द. कोरडवाहू रानाच्या पोरांना नोकरी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. कायम या शब्दासाठी हलवली, हे मी आजही लपवत नाही.

बनियनवरचं गावाचं नाव गेलं, तालुक्याचं आलं. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे. एस.टी. स्टँडवर एकानं दात काढून विचारलं, तुमच्या संघाचं बी नामांतर झालं म्हणं? सगळे हसले, संघातला एक जण सोडून. तो बौद्धवाड्यातला, पकडीत पक्का. नामांतराचा ठराव झाला त्या साली दुसऱ्या गावात त्याच्या मावशीचं घर जाळलं होतं. त्यात हसण्यासारखं त्याला काय दिसणार? गाव सोडायचं म्हणून बाकीचे सहा जण तोंडं पाडून बसले असताना हा एकटा उमेदीनं पिशवी भरत होता. मी त्याला विचारलं, गावाचा संघ मोडला याचं तुला काहीच वाटत नाही का?

तो म्हणाला, "वहिनी, या गावात मला मैदानातच शिवत्यात. मैदानाबाहेर कसं असतंय ते तिकडं जाऊन बघतो."

त्यानंतर कुणी गावाच्या संघासाठी हळहळलं की मला त्यांच्याबरोबर पुरतं हळहळता आलं नाही.

नोकरीचे हुकूम आले. नवऱ्यानं ओट्यावर उभं राहून आपला हुकूम मोठ्यानं वाचला, 'हंगामी शिपाई'. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या लेखी हंगाम म्हणजे हंगाम. कापसाचा असतो, ज्वारीचा असतो, आणि जिनिंग तर चालतच हंगामात. "हंगामी हाय ना? मग जावा की. हंगाम सरला की या," असं म्हणून त्यांनी आम्हाला वाटेसाठी धपाटे बांधून दिले. कचेरीच्या भाषेत हंगामी म्हणजे आज आहे आणि उद्याचा भरवसा नाही, हे त्यांना सांगायचं कुणी? मला वाटलं नवरा सांगेल, त्याला वाटलं मी सांगेन. तेवढ्यात बस आली.

सासूबाईंनी हे गावभर सांगितलं आणि गावानं ते खरं धरलं. पुढे ग्रामपंचायतीनं त्या मोकळ्या मैदानावर गोदाम बांधायचं ठरवलं तेव्हा माणसं आडवी पडली. पोरं हंगामाला गेलीत, आल्यावर खेळायची कुठं, असं त्यांचं म्हणणं. गोदाम दुसरीकडे गेलं. दर मृगाला गावाकडून कुणी ना कुणी यायचं आणि सासूबाईंचा निरोप सांगायचं, यंदा तरी हंगाम लवकर उरकतोय का विचारलंय. नवरा म्हणायचा, सांगा, जरा लांबलाय.

आम्ही स्टँडमागे एका खोलीत राहिलो. नळाला एक दिवसाआड पाणी. दिवसा जिनिंगवर सरकी झाडायची, संध्याकाळी सराव, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात सामने. जिंकले की पेपरात चेअरमन साहेबांचा फोटो. स्टेडियमचं काम मात्र कधी अनुदानाचा हप्ता आला नाही म्हणून बंद, कधी ठेकेदार पळाला म्हणून बंद. पायऱ्यांवर शेरड्या चरायच्या. नामांतरावरून वातावरण तापलं की बाहेरून आलेले पोलीस त्या अर्धवट खोल्यांत उतरायचे आणि मैदानात चुली पेटवायचे. एका पावसाळ्यात नवी भिंत पडली. ती पडली त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. कुणी गेल्यासारखं वाटलं होतं, उगीच कशाला खोटं बोलू?

मुलगी झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली. नवऱ्याचा गुडघा एका पकडीत फिरला तो पुन्हा पहिल्यासारखा बसला नाही. मी रोज एकच हिशेब करत बसायची, आधी स्टेडियम पूर्ण होतंय की आधी गुडघा जातोय. चेअरमन साहेबांकडे जाऊन विचारलं की ते भिंतीकडे बोट करायचे. हे होऊ द्या, मग तुमचंच आहे. मला त्या बोटाचा इतका तिटकारा आला होता, की पोरीनं चंद्राकडे बोट केलं तरी मी ओरडायची.

शेवटी एकदाचं पूर्ण झालं. रंग लागला, गेट बसलं, कमानीवर नावं कोरली. आणि उद्घाटनाच्या आठवड्यात लांबच्या शहरांतून तगडे खेळाडू आले. तालुक्याच्या नावाची नवी बनियनं त्यांना मिळाली, राहायला रेस्ट हाऊस मिळालं. आमच्या सात जणांना गेट, पाणी आणि मैदानावर चुन्याची फक्की मारायचं काम वाटून दिलं. नवरा साहेबांकडे गेला आणि आमचं कायम करायचं तेवढं बघा म्हणाला.

साहेब हसून म्हणाले, "अरे, आता संघच कायम झाला की." मग खांद्यावर हात ठेवून समजूत घातली, की उद्घाटन नीट पार पडलं तर तुमच्याही हुकुमांवर सही करतो. फक्त गेटवर बिनपासाचं कुणी आत सोडलं तर तो शब्द विसरायचा. नवरा घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगत होता आणि मी त्याचा गुडघा शेकत होते. एवढा एक दिवस काढ, मी म्हटलं.

उद्घाटनाला आमचं गाव ट्रॅक्टर करून आलं. ट्रॉलीत माणसं खच्चून भरलेली आणि मध्ये सासूबाई, नव्या लुगड्यात. गावात बायका मैदानाकडे जात नसत. त्यामुळे ज्याच्या खेळाचं त्यांनी आयुष्यभर कौतुक ऐकलं, त्या पोराला खेळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहणार होत्या. पास कुणाकडेच नव्हता. आपल्याच वर्गणीतून झालेल्या जागेला पास लागतो हे कुणाच्या डोक्यात येणार?

गेटवर माझा नवरा होता. मी आतल्या बाजूला पोरीला घेऊन उभी होते. समितीचा कारकून जवळच खुर्ची टाकून बसलेला. खरं सांगते, मला त्या वेळी गावाचा राग आला. इतकी वर्षं थांबली ही माणसं, आणखी एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं? नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. या वेळी मी मान हलवली नाही, होय म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. त्यानं गेटची कडी काढली आणि दोन्ही दारं उघडून धरली. कारकून उठला, चेअरमन साहेबांकडे धावला. नवऱ्यानं गेटच्या किल्ल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवल्या आणि गावाबरोबर चालायला लागला. ते बघून आमच्या बाकीच्यांनीही पाण्याच्या घागरी आणि फक्कीचं घमेलं होतं तिथं सोडलं. सासूबाईंना पायऱ्या चढवताना पकडीवाल्यानं हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला. दुखऱ्या पायांना आधार लागतोच, त्यामुळे एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही.

आम्ही सगळे एका ओळीत बसलो. सूर्य तोंडावर होता. भाषणं झाली, नारळ फुटला, सामना सुरू झाला. तालुक्याचा संघ चांगला खेळत होता, ते नाकारून चालणार नाही. सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ मैदान न्याहाळलं, एकेक चेहरा शोधला. मग शेजारी बसलेल्या पोराच्या मांडीवर हात ठेवून विचारलं, "आपली पोरं कवा यायलीत रे खेळायला?"

नवरा म्हणाला, "माय, आमी इथंच बसलोत."